गॅस थांबेपर्यंत

शुक्रवारी सकाळी सातला
सित्राच्या औद्योगिक वसाहतीत, बॅटरीवाल्याच्या मागच्या गाळ्यात
मी आधी पंखा बंद करते.
वारा लागला तो आर्गॉन उड़ जाता मॅडम,
असं एल्लय्याने पहिल्याच दिवशी बजावलेलं.
बाहेर चाळीसच्या वर. हवेला इतकं पाणी सुटलेलं
की आधी चष्मा पुसायचा, मग धातू.

आठवडाभर मी लोकांचे हिशेब तपासते,
दुसऱ्यांच्या चुकांभोवती गोल काढायचा पगार घेते.
इथे चुका माझ्या.
दीड वीत लांबीच्या पट्टीवर ओळीने मांडलेल्या,
काही वाटाण्याएवढ्या, काही नुसताच कोळसा.
नवरा म्हणतो, तू योगा का लावत नाहीस?

लोखंड बरं असतं.
तापलं की लाल होतं, मग नारिंगी,
सांगून-सवरून वितळतं.
हे तसलं नाही.
पांढरं, गप्प, काही झालंच नाही असं,
आणि एकदम आरसा होतं.
आरसा दिसला की सळई टेकवायची, काढायची.
अर्धा सेकंद उशीर झाला
की भोकातून खालचं टेबल दिसतं.

वर साय असते. दुधाची नव्हे, हवेची.
आतला धातू सहाशे साठला पाणी होतो
आणि साय दोन हजारांनाही बधत नाही.
म्हणून स्टीलचा ब्रश, फक्त याच्यासाठी राखलेला,
सोवळ्यातल्या भांड्यासारखा.
मी एकदा तो लोखंडाला लावला.
एल्लय्या काही बोलला नाही, फक्त नवा ब्रश आणला
आणि जुन्यावर लाल टेप गुंडाळली.

पहिले दोन महिने वेल्डिंग थोडं,
ग्राइंडरच जास्त.
टंगस्टन डबक्यात बुडवायचं, काळं करायचं,
टोक घासायचं, पुन्हा बुडवायचं.
हल्लू मॅडम, हल्लू.
करीमनगरचा तो हल्लू
मला आमच्या 'हळू'पेक्षाही हळू वाटायचा.
पायाखालचं पेडल मात्र ओळखीचं निघालं,
शिवणयंत्रावर मी कॉलेजची फी काढलेली.
फक्त इथे दोरा तापत असतो
आणि उसवायची सोय नाही.

आज त्याने कॅम्पवरचा टोप आणलाय.
तीस जणांचा भात, कानाखाली बोटभर तडा.
आर्क लावली तर धातूतून तेलच वर यायला लागलं,
किती वर्षांच्या फोडण्या कोण जाणे,
काळे बुडबुडे, करपट वास.
घासला. अ‍ॅसिटोन. तापवला. पुन्हा घासला.
चौथ्यांदा आरसा स्वच्छ उघडला
आणि मी श्वास धरून
थेंबाला थेंब लावत गेले, एकावर एक कलंडलेली नाणी.
सगळी सारखी नव्हेत. पण नाणी.

शेवटच्या टोकाला खळगा राहतो,
तडा परत येतो तो तिथूनच.
म्हणून पाय एकदम उचलायचा नाही,
एक थेंब जास्तीचा द्यायचा,
आणि आर्क विझली तरी हात हलवायचा नाही.
गॅस वाहत असतो अजून,
गरम जागेला हवा लागू नये म्हणून.
आठ सेकंद.

तेवढ्यात तो मागून म्हणाला,
अगले महिने मैं जातौं मॅडम. व्हिसा कॅन्सल.
टोपाकडे बघतच म्हणाला असेल, आवाज तसाच,
जसा सळईचा नंबर सांगतो.
मला मान वळवता येत नव्हती.
चार, पाच, सहा.
काचेआड घाम डोळ्यात उतरला, तो उतरू दिला.
सात.
आठ.

मग टोप पाण्याने भरला.
दोघं उकिडवे बसून कानाखाली बघत राहिलो.
बराच वेळ काही नाही,
मग एक थेंब, मोहरीएवढा, जमला.
त्याने बोटाने पुसला. चलता, म्हणाला.
थोड्या वेळाने पुन्हा बघितला.
नै चलता. फिरसे.

मी टोप रिकामा केला
आणि ब्रश उचलला, टेप नसलेला.